दहा मिनिटांची काच: पेटंट न घेतलेल्या फोटोची गोष्ट

या आठवड्याच्या भागाचं हे शब्दांकन. लोकलच्या गर्दीत ज्यांना धड ऐकू येत नाही, किंवा ज्यांना ऐकलेल्यापेक्षा वाचलेलं जास्त लक्षात राहतं, त्यांच्यासाठी खास. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'तर' मी बरेच कापलेत, थोडे मुद्दाम राहू दिलेत.

सुरुवातीलाच एक प्रश्न. समजा, तुम्ही एक भन्नाट गोष्ट शोधून काढली. ती कशी करायची हे सगळं लिहून छापून टाकलं. पेटंट घेतलं नाही, कुणाकडून एक पैसा मागितला नाही. बघता बघता जगातला जवळजवळ प्रत्येक फोटोग्राफर तुमचीच पद्धत वापरायला लागला. लोकांनी त्यावर दुकानं थाटली, पैसा केला. आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या बायकामुलांसाठी वर्गणी काढायची वेळ आली. तर लोक तुम्हाला काय म्हणतील? भला माणूस म्हणतील की भोळसट?

हे खरंच घडलंय. माणसाचं नाव फ्रेडरिक स्कॉट आर्चर. त्याच्या पद्धतीचं नाव वेट प्लेट कोलोडियन. आपण सोयीसाठी 'ओली काच' म्हणू. साधारण १८५५ पासून १८८० पर्यंतचे जगभरचे जुने फोटो तुम्ही पाहिले असतील, तर त्यातले बरेचसे या ओल्या काचेवरूनच आलेले आहेत.

फॉरवर्ड न होणारा फोटो

आर्चरने काय केलं हे कळायला आधी त्याच्यापुढची अडचण कळायला हवी. म्हणून थोडं मागे जाऊ. साल १८३९.

पॅरिसमध्ये लुई दागेर नावाच्या माणसाची पद्धत जानेवारीत जाहीर झाली आणि १९ ऑगस्टला तिची सगळी कृती जगापुढे मांडली गेली. हिला म्हणतात दागेरोटाइप. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, त्याला आरशासारखी झिलई, मग आयोडीनची वाफ, मग कॅमेरा, आणि शेवटी चित्र उमटवायला पाऱ्याची वाफ. हो, गरम पाऱ्याची वाफ. तेव्हा तिच्या विषारीपणाची आजच्यासारखी धास्ती नव्हती.

दागेरोटाइप दिसायला अफाट सुंदर. भिंगाने बघितलं तर कोटाच्या धाग्यांपर्यंत दिसतं. पण एक मोठी गोची होती. तो पत्राच मूळ चित्र आणि तोच शेवटचं चित्र. निगेटिव्ह नाही, त्यामुळे कॉपी नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर असा फोटो, जो कधीच फॉरवर्ड करता येत नाही. मावशीला हवा असेल तर मावशीसाठी पुन्हा बसायचं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट नावाचा श्रीमंत आणि हुशार गृहस्थ वेगळ्या वाटेने चालला होता. त्याने चित्र कागदावर उतरवलं, आणि तेही उलटं: उजेड काळा, सावली पांढरी. म्हणजे निगेटिव्ह. त्या एका कागदावरून हव्या तितक्या प्रती निघू शकत. १८४० मध्ये त्याने या पद्धतीत मोठी सुधारणा केली, तिला कॅलोटाइप नाव दिलं आणि फेब्रुवारी १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आता फोटो फॉरवर्ड होऊ लागला, पण क्लॅरिटी गेली. कागदाला रेषे असतात. निगेटिव्हमधून उजेड जाताना त्या रेष्यांचा पोत प्रिंटवर उतरतो आणि सगळं जरा भुरकट, मऊ दिसतं.

थोडक्यात, एकाकडे क्लॅरिटी होती पण कॉपी नव्हती. दुसऱ्याकडे कॉपी होती पण क्लॅरिटी नव्हती.

तिसरी अडचण कायद्याची होती. फ्रेंच सरकारने दागेरला आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या मुलाला आयुष्यभराची पेन्शन देऊन पद्धत विकत घेतली आणि जगाला खुली केली. पण कृती जाहीर व्हायच्या फक्त ५ दिवस आधी, १४ ऑगस्टला, दागेरच्या वतीने इंग्लंडमध्ये मात्र पेटंट घेतलं गेलं होतं. कॅलोटाइपचं पेटंट टॅल्बटकडे होतंच. म्हणजे १८४० च्या दशकात लंडनमध्ये तुम्हाला फोटोचा धंदा करायचा असेल तर इकडून किंवा तिकडून, लायसन्सचे पैसे मोजावेच लागायचे. त्याचा परिणाम भावात दिसतो. १८४१ साली लंडनच्या पहिल्या स्टुडिओत एका छोट्याशा पोर्ट्रेटला एक गिनी पडायची, म्हणजे २१ शिलिंग. सामान्य कामगाराने तर त्या दुकानाच्या बाहेरूनच बघायचं.

स्फोटक कापूस आणि जखमेवरचं औषध

आता आर्चर. जन्म १८१३ चा. तरुणपणी लंडनमध्ये चांदीकाम करणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून राहिला, पुढे मूर्तिकार झाला. लोकांचे अर्धपुतळे घडवताना समोर बसलेल्या माणसाचे फोटो हाताशी असावेत म्हणून तो कॅलोटाइप शिकला. मूर्तिकाराची नजर म्हणजे नाकाच्या कडेवरची रेघसुद्धा नेमकी हवी. तिथे हा भुरकट कागद आडवा येत होता. मग त्याने कागदाऐवजी दुसरं काही वापरता येईल का, याचे प्रयोग सुरू केले.

काच हे उत्तर तर अनेकांना सुचलं होतं. काचेला रेषे नसतात, ती आरपार स्वच्छ असते. पण काचेवर रसायन टिकवायचं कसं? कागद रसायन पितो, काच पीत नाही. काहींनी अंड्याचा पांढरा बलक वापरून बघितला. चित्र छान यायचं, पण फार वेळ लागायचा. इमारत वाट बघेल, माणूस थोडाच बघणार?

इथे गोष्टीत एक वेगळंच पात्र येतं: कापूस. १८४६ च्या आसपास शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साध्या कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली की तो दिसतो कापसासारखाच, पण ठिणगी लागली की क्षणात भक्कन जळून जातो. हा गनकॉटन. तो जरा सौम्य करून ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखं चिकट पातळ द्रव्य होतं. त्याला म्हणतात कोलोडियन. हवा लागली की ईथर उडून जातं आणि मागे पारदर्शक, चिवट पापुद्रा राहतो. डॉक्टरांनी ते लगेच उचललं आणि जखमेवर पट्टीसारखं लावायला सुरुवात केली.

तुम्ही कोलोडियन पाहिलं नाही असं वाटत असेल तर आठवा: चामखिळीवर किंवा पायाच्या कुरुपावर लावायचं ते छोट्या बाटलीतलं औषध. लावताच झणझणीत वास येतो आणि मिनिटभरात कातडीवर पापुद्रा धरतो. त्यातल्या बऱ्याच औषधांत आजही कोलोडियन असतं.

फोटोसाठी कोलोडियन वापरता येईल असं म्हणणारा आर्चर एकटा नव्हता. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानेही १८५० मध्ये तशी कल्पना मांडली होती. पण कल्पना सुचवणं वेगळं आणि कुणीही वाचून घरी करू शकेल अशी पक्की कृती देणं वेगळं. ती कृती आर्चरने दिली. मार्च १८५१ मध्ये 'द केमिस्ट' नावाच्या मासिकात त्याने ती छापली, मापांसकट.

घड्याळ लावा

आता ही ओली काच प्रत्यक्ष कशी करतात ते सांगतो. हे वाचताना मनात एक घड्याळ सुरू ठेवा, कारण सगळा खेळ त्याचाच आहे.

पहिली पायरी, काच. इतकी स्वच्छ की श्वास सोडला तर वाफ सगळीकडे एकसारखी धरली पाहिजे. बोटाचा एक ठसा राहिला तर तोही फोटोत येतो.

दुसरी, कोलोडियन ओतणं. त्यात आधीच आयोडाइडचं मीठ विरघळवलेलं असतं. काच एका हाताच्या बोटांवर आडवी तोलायची, मधोमध कोलोडियनचं तळं करायचं आणि काच हलकेच कलवत ते एकामागून एक चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं. उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत. तव्यावर धिरडं पसरताना मनगट जसं फिरतं, तसंच काहीसं. फक्त इथे पळी नाही आणि दुसरी संधी नाही. आता घड्याळ सुरू.

तिसरी पायरी अंधाऱ्या खोलीत. थर जरा चिकट झाला की काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात दोन-तीन मिनिटं बुडवायची. कोलोडियनमधलं आयोडाइड आणि द्रावणातली चांदी एकत्र येऊन सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. काच बाहेर येते ती दुधाळ होऊन. आता तिला उजेड कळतो.

या सिल्व्हर नायट्रेटची तुमची चांगली ओळख आहे. मतदान केल्यावर बोटाला जी शाई लावतात, ती न पुसली जाण्याचं कारण हेच. चांदीचं हे मीठ कातडीशी आणि उजेडाशी मिळून काळं पडतं आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. त्या काळातल्या फोटोग्राफरची बोटं कायम काळी असायची. वर्षभर रोज मतदान केल्यासारखी.

चौथी, कॅमेरा. काच ओली असतानाच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्यात सरकवायची आणि भिंगावरचं झाकण काढायचं. शटर वगैरे काही नाही. तोंडाने आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं. चांगल्या उन्हात काही सेकंद पुरत.

पाचवी, पुन्हा अंधारात. काचेवर डेव्हलपर ओतायचा आणि नेमक्या क्षणी पाण्याने थांबवायचा. शेवटी 'हायपो' किंवा पोटॅशियम सायनाइडने उरलेलं दुधाळ रसायन धुऊन काढायचं, म्हणजे चित्र पक्कं होतं. हो, सायनाइड. बाजूलाच ईथरची बाटली आणि तिच्याजवळ काच सुकवायला पेटवलेली ज्योत. ही अंधारी खोली म्हणजे एक छोटा बॉम्ब होता.

कोलोडियन ओतल्यापासून डेव्हलप करण्यापर्यंत हे सगळं साधारण १० ते १५ मिनिटांत उरकलं पाहिजे. का? कारण थर सुकला की चांदीचं मीठ खड्यांसारखं गोठतं, पापुद्रा घट्ट बंद होतो आणि डेव्हलपर आत शिरूच शकत नाही. ओली आहे तोवर काच जिवंत असते. सुकली की ती नुसती घाणेरडी काच.

म्हणजे फोटो काढायचा तर अंधारी खोली सोबत न्यायची. १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेला तेव्हा त्याने एका दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडी घेऊन तिचीच डार्करूम केली. इजिप्तच्या वाळवंटात फ्रान्सिस फ्रिथ तंबूत काम करायचा आणि काचेवर ओतता ओतता कोलोडियन उकळायला लागायचं. यात अतिशयोक्ती नाही. ईथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळतं. मे महिन्यात नागपूरला ही बाटली उघडून बघण्याचा नुसता विचार करा.

मग एवढा त्रास लोकांनी का सोसला? कारण दोन्ही गोष्टी आता एकत्र मिळत होत्या. दागेरोटाइपची क्लॅरिटी आणि कॅलोटाइपच्या कॉपी. वर वेग, आणि वर लायसन्सची कटकट नाही. निदान आर्चरकडून तरी नाही.

निळं पांढरं, कुंकू काळं

जुने फोटो बघताना कधी वाटलंय का, की आकाश नेहमी कोरंच का असतं? एकही ढग नाही? याचं कारण ओल्या काचेची नजर. तिला फक्त निळा आणि जांभळ्याच्या पलीकडचा उजेड दिसतो. लाल तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळं आकाश पांढरंफेक येतं, निळे डोळे काचेच्या गोटीसारखे फिके येतात, आणि कुंकू, गेरू, भगवा रंग हे सगळं काळपट. गव्हाळ आणि सावळी कातडी प्रत्यक्षात असते त्याहून गडद येते. आपल्याकडच्या लोकांचे त्या काळचे फोटो बघताना हे जरूर ध्यानात ठेवा. समोरच्या माणसाचा रंग तसाच होता असं नाही, काचेला तो तसा दिसला.

हे घरबसल्या करून बघता येतं. फोटो एडिट करायच्या ज्या ॲपमध्ये लाल, हिरवा, निळा असे चॅनल वेगळे करता येतात, त्यात एखादा रंगीत फोटो उघडा, लाल आणि हिरवा बाजूला ठेवा आणि फक्त निळा चॅनल काळ्या-पांढऱ्यात बघा. आजीची हळदी-कुंकवाची थाळी असेल तर उत्तमच. दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेला जग कसं दिसायचं, त्याची बऱ्यापैकी कल्पना येईल.

कोर्टात

आता गोष्ट पैशाकडे वळते.

ओली काच पसरायला लागली तशी टॅल्बटने भूमिका घेतली की ही पद्धतसुद्धा त्याच्या कॅलोटाइपच्या पेटंटखालीच येते. त्याचं म्हणणं असं: न दिसणारं चित्र आधी काचेत किंवा कागदात उतरवायचं आणि मग रसायनाने वर काढायचं, ही मूळ युक्ती माझी. मी गॅलिक ॲसिड वापरलं, तुम्ही पायरोगॅलिक वापरता, फरक नावापुरता. तेव्हा माझ्याकडून लायसन्स घ्या.

टॅल्बटला खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण मी तसं करणार नाही. निगेटिव्हची कल्पना खरोखर त्याची आहे. त्याने स्वतःच्या खिशातून खूप खर्च केला होता. १८५२ मध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल अकॅडमी या दोन्हींच्या अध्यक्षांनी गळ घातल्यावर त्याने हौशी लोकांना आपलं पेटंट मोकळंही करून दिलं. पण पैसे घेऊन पोर्ट्रेट काढणाऱ्या धंदेवाल्यांवरचा हक्क त्याने सोडला नाही.

डिसेंबर १८५४ मध्ये प्रकरण लंडनच्या कोर्टात उभं राहिलं. टॅल्बट विरुद्ध लारोश. हा लारोश ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा स्टुडिओवाला, ओल्या काचेवर काम करणारा. ज्युरीसमोर तीन दिवस रसायनांच्या नावांचा कीस पडला. निकाल मोठा मजेशीर लागला. ज्युरीने सांगितलं: कॅलोटाइपचा खरा संशोधक टॅल्बटच, पण लारोशने त्याच्या पेटंटचा भंग केलेला नाही. मान टॅल्बटला, मोकळीक लारोशला. टॅल्बटने पुढे पेटंटची मुदत वाढवून घ्यायचा नाद सोडला.

आणि बांध फुटला. गल्लोगल्ली फोटोवाले आले. काचेवरचं निगेटिव्ह जरा फिकं ठेवून मागे काळं कापड लावलं की ते थेट सरळ चित्रासारखं दिसतं, ही युक्तीही आर्चरच्या काचेतूनच निघाली. तिने स्वस्त पोर्ट्रेटचा सुकाळ केला. गिनीचा फोटो दहा-पंधरा वर्षांत सहा पेन्सवर आला, म्हणजे अर्ध्या शिलिंगवर. ज्यांच्या घरात आजवर कुणाचं चित्र नव्हतं, त्यांच्या घरात मेलेल्या आईचा, लढाईवर गेलेल्या भावाचा चेहरा राहू लागला. मला वाटतं, या शोधाचं मोल इथे कळतं.

मुंबई, अजिंठा, हिमालय

आपल्याकडे हे किती लवकर आलं बघा. आर्चरचा लेख १८५१ चा. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे दोघे होते. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच भाऊ दाजी. नारायण दाजी तर स्वतः चांगले फोटोग्राफर होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ईथर, कोलोडियन, सिल्व्हर नायट्रेट ही सगळी तेव्हा औषधांच्या कपाटातलीच मंडळी. ज्याला बाटल्यांची भीती नाही आणि ज्याचा हात स्थिर आहे, त्याला ही विद्या जवळची वाटणारच.

मेजर रॉबर्ट गिल यांचं नाव अजिंठ्यामुळे तुम्ही ऐकलं असेल. गिल आणि पारोची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. १८४४ पासून ते अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलचित्रांतल्या नकला करत होते. त्यातल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत जळून गेल्या. वर्षानुवर्षांचं काम एका रात्रीत गेलं. पण गिल यांनी दरम्यान कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ साली लेण्यांचं एक पुस्तक निघालं, त्यात त्यांनी काढलेले ७४ फोटो होते. ते मागे उरले, कारण निगेटिव्हवरून प्रती निघतात आणि एक प्रत जळली तरी दुसरी कुठेतरी असते.

तरीही काच ब्रशची जागा घेऊ शकली नाही. लेण्यातला अंधार, आणि भित्तिचित्रांतला गेरू न दिसणारी काच! म्हणून तिच्या वाट्याला आले ते मुख्यतः दगड: खांब, दर्शनी भाग, मूर्ती. रंग गिल यांच्या हातातच राहिला आणि तोच जळाला. या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं.

सॅम्युअल बोर्न हा आणखी एक जिद्दी माणूस. १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात निघाला तेव्हा सोबत सुमारे ३० हमाल होते. तंबू, काचा, रसायनं, पाणी, सगळं त्यांच्या पाठीवर. १८६६ मध्ये त्याने मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर काचा ओल्या करून फोटो काढले. फोटोखाली नाव बोर्नचं आहे. त्या काचा न फोडता वर नेणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. मोकळी विद्यासुद्धा कुणाच्या तरी पाठीवरूनच वर जाते.

मग आर्चरचं काय झालं?

आर्चरने आपल्या पद्धतीवर १८५२ मध्ये एक पुस्तिका काढली, स्टुडिओ चालवला, नवनवे प्रयोग करत राहिला. धंदा असा कधी जमलाच नाही. १ मे १८५७ रोजी तो गेला. वयाची पंचेचाळीशीही गाठली नव्हती. वर्षभराच्या आत त्याची बायकोही गेली आणि मागे तीन मुलं राहिली. फोटोग्राफरांनी वर्गणी काढली, ती जमली ७४७ पौंड. सरकारने मुलांना वर्षाला ५० पौंड पेन्शन दिली. देताना सरकारदरबारी जी नोंद झाली तिचा मतलब असा होता की, या मुलांच्या बापाच्या शोधाने देशाचं मोठं भलं झालं, पण त्याला स्वतःला त्यातून फारसं काही मिळालं नाही.

ओल्या काचेचा अंतही मोठा बोलका आहे. रिचर्ड लीच मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरची प्रकृती मुळात नाजूक, आणि त्याला कोलोडियनच्या ईथरची वाफ बाधायची. त्याने कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून बघितलं आणि १८७१ मध्ये ती कृती छापली. पुढे इतरांनी ती सुधारली आणि कोरडी काच आली: कारखान्यात बनवायची, खोक्यातून विकत घ्यायची, सवडीने डेव्हलप करायची. घड्याळ एकदाचं बंद झालं. आणि मॅडॉक्सनेही पेटंट घेतलं नाही.

तो कापूस मात्र फोटोला सोडून गेला नाही. त्याच नायट्रेट केलेल्या कापसापासून सेल्युलॉइड झालं, त्यातून १८८९ मध्ये ईस्टमनची पारदर्शक रोल फिल्म आली आणि तसल्याच फिल्मवर सिनेमा धावला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा. आणि गुण तोच: भक्कन पेटणं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि त्या जळून गेल्या.

भला की भोळसट?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्यातले अनेकजण काही ना काही बनवताय: कोड, ट्यून, रील, डिझाइन. फुकट द्यावं की विकावं, हा प्रश्न तुमच्यासमोर रोज आहे.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आर्चर भोळसट नव्हता. त्याने दिलं म्हणूनच ती पद्धत तीन वर्षांत मुंबईला पोचली आणि सहा पेन्सच्या खुर्चीपर्यंत उतरली. पेटंट घेतलं असतं तर कदाचित तो सुखात जगला असता, पण ओली काच इतक्या लोकांची झाली नसती. फक्त यातून 'कलाकाराने फुकटच द्यावं' असा धडा काढू नका, तो फार सोयीचा धडा आहे, आणि तो सहसा घेणाऱ्यालाच सुचतो. फ्रेंच सरकारने दागेरला आधी पेन्शन दिली आणि मग विद्या खुली केली. आर्चरच्या बाबतीत उलटं झालं. विद्या आधी घेतली, आणि पेन्शन तो गेल्यावर मुलांना दिली. दोन्हीकडे जगाला सारखंच मिळालं. फरक इतकाच की एकीकडे देणाऱ्याचा विचार वेळेवर झाला.

तर मंडळी, फोनमध्ये फुकट वापरत असलेल्या ज्या ॲपच्या मागे एखादा एकटा माणूस राबतोय, त्याची पाटी एकदा शोधा. तिथे मदतीचं बटण असेल तर ५०-१०० रुपये टाका, नसेल तर दोन ओळी लिहा. तो असेपर्यंत.

घरी जुना काचेवरचा फोटो असेल तर एक कळकळीची विनंती: ओल्या फडक्याने पुसू नका, घासू नका. कागदात गुंडाळून उभा ठेवा आणि आधी मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून ठेवा. निळ्या चॅनलचा प्रयोग केलात तर आम्हाला जरूर पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!